बर्डीतले तिकीट-पुस्तिकांचे दुकान: एका बाइंडरच्या नजरेने

नागपूरच्या सीताबर्डीत, म्हणजे आमच्या बर्डीत, मुख्य रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीत, चष्म्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर, जुनी नाणी आणि टपाल तिकिटे विकणारे दहा बाय बाराचे एक दुकान आहे. जिना इतका अरुंद आहे की वरून कोणी उतरत असेल तर चढणाऱ्याला पुन्हा खाली यावे लागते. मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत मी तेथे पाच वेळा गेलो आणि पाचही वेळा केवळ तिकीट-पुस्तिकांसाठी, म्हणजे टपाल तिकिटांची लहान पाने पुठ्ठ्यात बांधून केलेल्या छोट्या वह्यांसाठी गेलो. नागपूरच्याच महाल भागात तीस वर्षे बाइंडिंगचा धंदा केलेला माणूस तिकिटांच्या नादी लागला, तर तो राजाराणीच्या चेहऱ्यांपेक्षा पिन कोठे मारली आहे, कड कशी कापली आहे आणि पाने कोणत्या क्रमाने लावली आहेत, हेच आधी पाहणार. दुकानाविषयीचे माझे मतही त्याच नजरेतून बनले आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

तिकिटांच्या बहुतेक दुकानांत पुस्तिका म्हणजे आत किती तिकिटे उरली आहेत एवढाच प्रश्न असतो. पाने सोडवून निरनिराळ्या पाकिटांत घातलेली असतात, वेष्टन हरवलेले असते आणि उरलेल्या पुठ्ठ्याला किंमत नाही म्हणून तो टाकून दिलेला असतो. या दुकानात पुस्तिकांसाठी स्वतंत्र खण आहे, आणि दुकानाचे मालक, ज्यांना सगळे गिऱ्हाईक काका म्हणतात, कोणतीही पुस्तिका हाती देण्यापूर्वी टेबलावर पांढरा कागद अंथरतात, सपाट टोकाचा चिमटा पुढे सरकवतात आणि म्हणतात, “घाई करू नका भाऊ, आधी बाहेरून पाहा.” बाहेरून पाहा, हा सल्ला मी माझ्या कारागिरांना आयुष्यभर देत आलो, त्यामुळे पहिल्याच भेटीत आमचे जमले.

पुस्तिका आल्या त्या गरजेपोटी. सुटी तिकिटे पाकिटात ठेवली की घामाने एकमेकांना चिकटतात आणि चुरगळतात. म्हणून टपाल खात्यांनी ती लहान पानांत कापून पुठ्ठ्यात बांधून द्यायला सुरुवात केली. लक्झेंबर्गने १८९५ मध्ये अशा पुस्तिका काढल्या, अमेरिकेने १९०० च्या एप्रिलमध्ये आणि ब्रिटनने १९०४ च्या मार्चमध्ये. मात्र बांधणी फुकट होत नाही, आणि तो खर्च कोणी सोसायचा हा प्रश्न प्रत्येक खात्यापुढे आला. अमेरिकेत दोन सेंटांची बारा तिकिटे चोवीस सेंटांची होत असताना पुस्तिका पंचवीस सेंटांना विकली गेली. ब्रिटनमध्ये एक पेनीची चोवीस तिकिटे म्हणजे सरळ दोन शिलिंग, पण पुस्तिकेची किंमत दोन शिलिंग आणि अर्धा पेनी ठेवली. आपल्याकडे १९०४ मध्ये सातव्या एडवर्डच्या अर्ध्या आण्याच्या चोवीस तिकिटांची पुस्तिका निघाली, तिची किंमत सव्वाबारा आणे होती. बारा आणे तिकिटांचे आणि वरचा पाव आणा, म्हणजे एक पैसा, बांधणीचा. त्या काळी एका पैशात पोस्टकार्ड मिळत असे, हे ध्यानात घेतले तर एका पुस्तिकेच्या बांधणीसाठी गिऱ्हाईक एक पोस्टकार्ड मोजत होता. बाइंडरला त्याच्या कामाची मजुरी मुखपृष्ठावरच्या किमतीत इतक्या स्पष्टपणे वेगळी दिसावी, असे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. काकांकडे ही भारतीय पुस्तिका नाही, आणि तसे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले; “असली तर तुम्हाला परवडणार नाही आणि नकली असली तर मला परवडणार नाही,” हे त्यांचे वाक्य मला फार आवडले.

ब्रिटिशांना तो वरचा अर्धा पेनी पुढे अडचणीचा वाटला असावा, कारण १९०६ मध्ये त्यांनी हिशेब फिरवला. एका पानावर सहा अर्ध्या पेनीची तिकिटे असायची, त्यांतले एक काढून त्या जागी आडव्या फुलीचे, म्हणजे सेंट अँड्र्यूच्या क्रुसाचे, हिरवे लेबल छापले. आत एक शिलिंग साडेअकरा पेन्सांची तिकिटे आणि बाहेर किंमत सरळ दोन शिलिंग. गिऱ्हाइकाला सुटे पैसे शोधावे लागेनात आणि बांधणीचा अर्धा पेनी निमूटपणे वसूल झाला. हे फुलीचे पान काकांच्या खणात नाही, पण त्याचा पुढचा अवतार आहे. पाचव्या जॉर्जच्या काळातल्या दोन शिलिंगांच्या पुस्तिकेत दीड पेनीची दहा, एक पेनीची सहा आणि अर्ध्या पेनीची सहा तिकिटे येत; पंधरा, सहा आणि तीन मिळून बरोबर चोवीस पेन्स. आता पान तर सहाचेच, आणि दीड पेनीची तिकिटे दहा. म्हणून १९२४ पासून एक पान सहाचे आणि दुसरे चारचे करून उरलेल्या दोन चौकटींत जाहिराती छापल्या. फर्म्यात, म्हणजे एका तावावर एकत्र छापायच्या पानांत, उरलेली कोरी पाने जाहिरातींनी भरणे हा आम्हा छापखानावाल्यांचा जुना उद्योग आहे, आणि इंग्लंडच्या राजाच्या शेजारीही तो चालला, हे पाहून मला हसू आले. असे एक पान काकांकडे सुटे आहे. एका जाहिरात-लेबलाचा कोपरा दुमडलेला आहे, आणि तेवढ्यासाठी त्यांनी स्वतःहून किंमत कमी केली.

या दुकानात जाण्याचे खरे कारण मात्र मांडणी आहे. पुस्तिकेची तिकिटे नेहमीच्या पूर्ण तावातून कापून घेता येत नाहीत, कारण प्रत्येक पानाला बांधणीसाठी एका बाजूला कोरी पट्टी लागते आणि नेहमीच्या तावात ती मधोमध कोठेच नसते. म्हणून पुस्तिकांसाठी छपाईच्या वेगळ्या प्लेटा कराव्या लागल्या. अमेरिकेच्या सुरुवातीच्या प्लेटांवर १८० तिकिटे होती, म्हणजे सहा-सहाची ३० पाने; दोन तिकिटे आडवी, तीन उभी, आणि पिन मारण्याची पट्टी डोक्यावर. बाजू आणि तळ सरळ कापलेले असत, त्यामुळे त्या पानांतील सर्व तिकिटांना एका किंवा दोन कडांना छिद्रेच नसतात. ब्रिटिशांनी पट्टी डावीकडे ठेवली, कारण त्यांची पुस्तिका वहीसारखी उघडते. पान तीन आडवे, दोन उभे.

डावीकडच्या पट्टीतून एक गंमत निघते, आणि ती समजून घेण्यासाठी कोणत्याही बाइंडरला फार वेळ लागू नये. तावावर सगळी पाने सुलटी ठेवली तर प्रत्येक पानाच्या डावीकडे एक पट्टी सोडावी लागेल आणि तेवढा कागद ठिकठिकाणी विखरून वाया जाईल. अर्धी पाने उलटी केली की उलट्या पानाची पट्टी त्याच्या उजवीकडे जाते. मग शेजारच्या सुलट्या पानाची डावी पट्टी आणि ही उजवी पट्टी एकमेकींना लागून येतात आणि मधून एकच काप घेतला की दोन्ही पानांचे काम होते. दुसऱ्या बाजूला पानांच्या पट्टी नसलेल्या कडा एकमेकींना भिडतात, आणि तेथे एक तिकीट सुलटे आणि शेजारचे उलटे अशी जोडी तयार होते. संग्राहक तिला फ्रेंचमधून आलेल्या ‘तेत-बेश’ नावाने ओळखतात. ताव कापून पुस्तिका बांधल्या की ती जोडी तुटते, त्यामुळे न कापलेला ताव बाहेर राहिला तरच ती पाहायला मिळते.

कापल्यानंतरही एक खूण मात्र मागे राहते. वॉटरमार्क, म्हणजे कागद उजेडात धरल्यावर दिसणारी आतली खूण, कागद बनवतानाच पडतो आणि पूर्ण तावावर त्याची दिशा एकच असते. छपाईत अर्धी पाने उलटी असल्यामुळे त्या पानांतील तिकिटांवर वॉटरमार्क उलटा येतो. ब्रिटिश पुस्तिकांतील जवळपास निम्मी तिकिटे अशी असतात. त्यात कोणाची चूक नसते. ती मांडणीची सावली आहे. हे माहीत नसलेले काही विक्रेते ‘उलटा वॉटरमार्क, दुर्मिळ’ असे लिहून दुप्पट दर लावतात, आणि अशाच एका ठिकाणी, दुसऱ्या शहरात, मी काही वर्षांपूर्वी बराच पैसा घालवून बसलो होतो. काका तसे करत नाहीत. दुसऱ्या एलिझाबेथच्या काळातील, विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकातल्या दोन पुस्तिका त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या, खिडकीकडे तोंड करून पान उजेडात धरायला सांगितले आणि एकीतले वॉटरमार्कचे मुकुट सरळ, दुसरीतले खाली डोके केलेले, असे दाखवून दोन्हींना एकच दर सांगितला. जो दुकानदार गिऱ्हाइकाला अडाणी ठेवून कमावू शकला असता आणि तसे करत नाही, त्याच्याकडे चार पैसे जास्त गेले तरी मला वाईट वाटत नाही.

आता तक्रारी, आणि त्या किरकोळ नाहीत.

पहिली तक्रार पिनांची आहे. सुरुवातीच्या पुस्तिका लोखंडी पिनांनी बांधल्या जात, पुढे ब्रिटनमध्ये दोऱ्याची शिवण आली आणि १९७६ मध्ये दहा पेन्सांच्या घडीच्या पुस्तिका आल्या, ज्यांत पान फक्त कोऱ्या पट्टीच्या आधाराने पुठ्ठ्याला डिंकाने चिकटवलेले असते आणि पुठ्ठा वर दुमडलेला असतो. त्या यंत्रात नाणे टाकून विकत घेण्यासाठी होत्या. पिनवाली पुस्तिका विकत घेताना पिनेच्या दोन पायांची भोके मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत एका रेषेत आहेत की नाहीत, हे पाहणे अत्यावश्यक आहे. एखादे पान काढून त्या जागी दुसरे घातले असेल तर त्या पानाची भोके थोडी सरकलेली दिसतात, किंवा मुखपृष्ठावर दोनऐवजी चार भोके असतात, किंवा गंजाचा डाग पुठ्ठ्यावर आहे पण आतल्या पानावर नाही, असे आढळते. दुकानातील एका अमेरिकन पुस्तिकेत ही तिन्ही लक्षणे होती. मी दाखवल्यावर काकांनी ती खणातून काढली आणि चिठ्ठी लावून वेगळी ठेवली, हे खरे. पण त्यांच्याइतक्या अनुभवी माणसाच्या नजरेतून ती सुटायला नको होती. ती त्यांनी एका संग्रहाच्या ठोक खरेदीत घेतली होती आणि पाने मोजून समाधान मानले होते. पाने मोजणे आणि बांधणी तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी तक्रार कटिंगची आहे. पुस्तिका बांधून झाल्यावर कडा मशीनवर एकत्र कापल्या जातात, आणि थप्पीतील प्रत्येक पानाची छिद्रांची ओळ तंतोतंत एकाखाली एक येत नाही. पाते जरा आत उतरले की कडेच्या तिकिटांचे दात अर्धे किंवा पूर्ण कापले जातात. पूर्ण दातांचे पान आणि मुंडण झालेले पान यांच्या किमतीत मोठा फरक असतो, आणि तो असावा. या दुकानात वेगवेगळ्या दातांच्या पुस्तिकांवर एकच दर लिहिलेला आढळला. याचा फायदा उघडच पारखी गिऱ्हाइकाला होतो, आणि मी तो दोनदा घेतला, हे प्रामाणिकपणे सांगतो. तरी नवशिक्या माणसाच्या वाट्याला उरलेला माल येणार, हे बरे नव्हे. काकांनी निदान दोन दर्जे करावेत.

तिसरी तक्रार कूलरची आहे, आणि हे फक्त नागपूरकरालाच समजेल. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना डेझर्ट कूलर नसलेल्या दुकानात कोणी चढणार नाही, हे मला मान्य आहे. पण तिकिटाच्या पाठीवरचा डिंक हवेतला ओलावा शोषतो. रात्रभर बंद दुकानात हवा कोरडी ठणठणीत, कागद कडेने वळतो. सकाळी कूलर सुरू झाला की ओली हवा थेट टेबलावर, तोच कागद पुन्हा ढिला पडतो. असे चाळीस दिवस रोज झाले की डिंकाला बारीक भेगा पडतात, पाने एकमेकांना धरू लागतात आणि पिनांना गंज चढतो. अमेरिकन पुस्तिकांत पानांच्या मध्ये मेणकागद घालत ते याच चिकटण्याच्या भीतीने, पण तो मेणकागद बऱ्याच जुन्या पुस्तिकांतून हरवलेला असतो. पुस्तिकांचा खण कूलरच्या बरोबर समोर होता. पहिल्या भेटीत मी बोललो नाही, दुसऱ्या भेटीत बोललो, तिसऱ्या भेटीत खण पलीकडच्या भिंतीला गेला होता, पण टेबल तेथेच. माल उघडून पाहण्याची जागा हीच सर्वांत ओली जागा आहे. पुस्तिका ज्या प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवल्या आहेत त्यांतली काही मऊ, वास येणारी, पीव्हीसीची वाटली. घरी आणल्यावर मी सगळी बदलली, आणि तुम्हीही बदलावीत.

खणातल्या इतर मालाविषयी थोडक्यात. स्वीडनच्या पुस्तिका येथे चांगल्या आणि स्वस्त आहेत. त्या देशात तिकिटे बहुतेक गुंडाळ्यांतून आणि पुस्तिकांतून विकली गेली. दोनच समोरासमोरच्या कडांना छिद्रे असतील तर तिकीट गुंडाळीतले, तीन कडांना असतील तर पुस्तिकेतले, एवढे लक्षात ठेवले तरी ओळख पटते. धातूवर कोरून केलेली त्यांची छपाई भिंगाखाली पाहावी, रेषा अंगठ्याला जाणवते. जर्मन पानांत वेगवेगळ्या किमतींची तिकिटे आणि जाहिराती शेजारीशेजारी लावलेल्या असतात. काकांकडची बहुतेक पाने घड्यांवरून तुटलेली होती, मी ती सोडून दिली. ब्रिटनच्या टपाल खात्याने १९६९ मध्ये एक पौंडाची जाडजूड पुस्तिका काढली होती, जिच्यात तिकिटांच्या पानांबरोबर पाककृती छापल्या होत्या. तिची एक प्रत येथे आहे, दोऱ्याने शिवलेली, शिवण घट्ट आणि पाने एका रेषेत. ती मी घेतली. घरी सौभाग्यवतींनी पाककृती वाचून पाहिल्या आणि एवढ्याशा मसाल्यात काय होते, असा शेरा मारला.

भारतीय माल अपेक्षेपेक्षा कमी आहे, याचे मला वाईट वाटले. आपली तिकिटे बराच काळ लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येत होती आणि १९२५ मध्ये नाशिक रोडला सिक्युरिटी प्रेस सुरू झाल्यावर पुढच्याच वर्षी येथे छापलेली तिकिटे बाहेर पडली. नाशिकचा कागद ताऱ्यांच्या दाट वॉटरमार्कचा, आधीचा एका ताऱ्याचा. पाचव्या जॉर्जच्या सुट्या तिकिटांत हा फरक काका फार छान समजावतात, आणि दोन्ही प्रकार त्यांच्याकडे भरपूर आहेत. शेजारच्या नांदगाव संस्थानाची, म्हणजे आजच्या राजनांदगावची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची साधीसुधी तिकिटेही त्यांनी दाखवली. पण बांधलेली भारतीय पुस्तिका एकही नाही. आपल्याकडे पुस्तिका लोकांनी वापरून संपवल्या, ज्या उरल्या त्या पावसाळ्यांनी खाल्ल्या. नव्या तिकिटांसाठी येथे येऊ नये. त्यासाठी सिव्हिल लाइन्समध्ये जीपीओ, म्हणजे मुख्य टपाल कचेरी, आहे.

व्यवहाराविषयी. दुकान दुपारी बाराच्या आधी उघडत नाही आणि रविवारी अर्धा दिवसच असते. यूपीआय चालते, बिल मागितल्यावर मिळते, आणि ते मागावेच, कारण त्यावर काका ‘पान पूर्ण’ किंवा ‘पिन बदललेली’ असे हाताने लिहून देतात. घासाघीस करू नये. ते रागावत नाहीत, पण बोलणे थांबवतात, आणि येथे बोलणे हाच अर्धा माल आहे. पुस्तिका घरी नेऊन न आवडल्यास आठ दिवसांत परत घेतात, अट एवढीच की ती पूर्ण, एकशे ऐंशी अंशांत, उघडलेली नसावी. ही अट मला कोणत्याही हमीपेक्षा अधिक विश्वासाची वाटली, कारण शिवणीची कंबर कशाने मोडते हे तिच्यात बरोबर ओळखले आहे.

ऑगस्टच्या भेटीत त्यांनी अगदी आतून एक पुस्तिका काढली. पाचव्या जॉर्जच्या काळातली, शिवणीची, मुखपृष्ठ मऊ पडलेले. पाने एकमेकांना लागली आहेत असे कडेवरून दिसत होते. चिमट्याचे टोक घातले असते तर कदाचित सुटली असती, कदाचित डिंकासकट वरचा थर निघाला असता. बाहेर तीन दिवस झड लागलेली होती. मी किंमत विचारली तर काकांनी पुस्तिका मेणकागदात गुंडाळून वर माझे नाव पेन्सिलीने लिहिले, खणात ठेवली आणि म्हणाले, “आज नाही उघडायची भाऊ. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की या, तुमच्यासमोर उघडू. सुटली तर किंमत सांगतो, नाही सुटली तर पाहायचे पैसे नाहीत.”